इनामगावचं वय कुणी ठरवलं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मागच्या अंकात इनामगाववर एक टिपण होतं. घोड नदीकाठचं, शिरूर तालुक्यातलं हे ताम्रपाषाण युगातलं (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायच्या काळातलं) गाव पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खणलं. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथे वस्ती होती. टिपणावर आलेल्या पत्रांत एकच सूर वारंवार ऐकू आला: हे सगळं कळतं कसं, आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा? निवडक प्रश्नांची उत्तरं पुरातत्त्व आणि भूविज्ञान या विषयांतल्या जाणकारांनी दिली आहेत.

इनामगावात ना शिलालेख, ना नाणं, ना कुणा राजाचं नाव. मग ‘इ.स.पू. १६००’ हा आकडा आला कुठून? ‘कार्बन डेटिंग केलं’ एवढ्यावर समाधान होत नाही.
— वाचक, शिरूर

मुख्यतः जळून राहिलेल्या कोळशातून. अवकाशातून येणाऱ्या किरणांच्या माऱ्याने हवेतल्या नायट्रोजनचा थोडा थोडा कार्बन-१४, म्हणजे आपोआप घटत जाणारा कार्बन, होत राहतो. झाड तो हवेतून घेतं, गुरं चाऱ्यातून, माणूस दोघांकडून. जीव गेला की आवक थांबते, पण आत असलेल्याची घट चालूच राहते. ५,७३० वर्षांत तो निम्मा उरतो. ३,००० वर्षांपूर्वी तोडलेल्या फांदीच्या कोळशात मूळच्या सुमारे ७० टक्के कार्बन-१४ सापडेल. विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये ही पद्धत दाखवून दिली आणि १९६० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तत्त्व एका परिच्छेदात संपलं. खरी कसरत यापुढे आहे.

ताज्या लाकडातसुद्धा एक लाख कोटी कार्बन अणूंमागे कार्बन-१४ चा जेमतेम एक अणू असतो. इनामगाव खणलं जात होतं त्या काळात हे अणू थेट मोजायची सोय आपल्याकडे नव्हती. ते फुटतात तेव्हा होणारे ठोके मोजत. ताज्या कार्बनचा एक ग्रॅम मिनिटाला सुमारे साडेतेरा ठोके देतो, ३,००० वर्षं जुना असेल तर साडेनऊ. १ टक्क्याच्या अचूकतेसाठी दहा हजार ठोके हवेत, म्हणजे एका ग्रॅममागे सतरा-अठरा तासांची मोजणी. आणि ते १ टक्कासुद्धा वर्षांत ८० च्या आसपास भरतं. निकालापुढे ‘±’ लिहून जो आकडा येतो तो यातूनच. तो अंदाजपंचे नसतो: खरी किंमत त्या पट्ट्यात असण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश, एवढाच त्याचा अर्थ. आता त्वरक या अणूंना वेग देणाऱ्या यंत्रावर अणूच मोजतात. त्याला मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो, म्हणजे जवाचा एक जळका दाणा. नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात ही सोय आहे.

नमुना बिघडतो तो बहुतेक वेळा प्रयोगशाळेत पोचण्याआधीच. कोळसा बोटांनी नव्हे, स्वच्छ पोलादी चिमट्याने उचलायचा आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवायचा. कापूस किंवा कागद नको, कारण दोन्ही आजचे कार्बन आहेत. चिठ्ठीसुद्धा आत टाकायची नाही. ओला नमुना बंद केला की त्यावर बुरशी येते, आणि बुरशी म्हणजे पुन्हा आजचा कार्बन. प्रयोगशाळेत भिंगाखाली बारीक मुळं वेचून काढतात. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चुनखडी घालवतात, सौम्य कॉस्टिक सोड्याने वरच्या थरांतून झिरपलेली ह्युमिक आम्लं (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातली) काढतात, आणि शेवटी पुन्हा आम्लाने धुतात. शेवटच्या धुण्याला पुष्कळजण उगाचची पुनरुक्ती समजतात. पण सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. तो तसाच राहिला तर आपणच भेसळ केल्यासारखं होतं.

ही भेसळ किती महागात पडते? ३,००० वर्षांच्या कोळशात १ टक्का आजचा कार्बन मिसळला तर वय चाळीसएक वर्षांनी कमी दिसेल, ते चालून जातं. ५०,००० वर्षांच्या नमुन्यात तोच १ टक्का गेला तर उत्तर ३६,००० च्या आसपास येईल. या पद्धतीची मजल ५०,००० वर्षांपाशी संपते ती यामुळेच.

उलट दिशेची चूकही होते. जुन्या सागाच्या खोडाचा गाभा झाड तोडायच्या वेळीच शंभर-दोनशे वर्षं ‘मेलेला’ असतो, कारण नवा कार्बन फक्त सालीखालच्या कड्यात जातो. त्या गाभ्याचा वासा जळला तर घर आहे त्यापेक्षा दोनशे वर्षं जुनं ठरतं. म्हणून हल्ली वाशापेक्षा दाणा किंवा काटकी निवडतात. आणि घुशीने बीळ करून वरचा दाणा खाली नेला असेल तर यंत्र बिचारं अचूक मोजतं, पण चुकीच्या थराचं.

एक टप्पा अजून आहे. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं, त्यामुळे मिळालेलं ‘वय’ झाडांची वार्षिक कडी मोजून बनवलेल्या आलेखावर बसवून खरी सनावळी काढावी लागते. (निकालात ‘आजपूर्वी’ असं लिहितात त्यातला ‘आज’ म्हणजे १९५०.) हा आलेख इ.स.पू. ८०० ते ४०० दरम्यान जवळजवळ सपाट होतो: चारशे वर्षांतल्या कोणत्याही लाकडाचं उत्तर साधारण एकच. इनामगावचा शेवट नेमका या सपाटीच्या तोंडाशी येतो. त्यामुळे गावाच्या सुरुवातीच्या आकड्यावर जेवढा भर द्यावा तेवढा ‘७००’ वर देऊ नये. निव्वळ कोळशाच्या जोरावर तो घट्ट करता येत नाही.

आमच्याकडे कुकडी नदीच्या काठाला, बोरीजवळ, पांढुरक्या राखेचा थर आहे. ती सुमात्रातल्या ज्वालामुखीची आहे म्हणतात. पण वय कुणी ७५ हजार सांगतं, कुणी ७ लाख, कुणी १४ लाख. एवढा फरक कसा पडतो?
— वाचक, जुन्नर

राख सुमात्रातल्या टोबाची आहे, आणि इथून ते ठिकाण तीन हजार किलोमीटरहून लांब आहे. ओळख पटते ती काचेवरून. राख सूक्ष्मदर्शकाखाली धरली की फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींसारखे वाकडे, पारदर्शक तुकडे दिसतात. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत सिलिका, पोटॅशियम, लोह यांचं प्रमाण त्याचं त्याचं असतं. अडचण अशी की टोबा एकदाच फुटलेला नाही. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा स्फोट सर्वांत मोठा, पण सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीही एक झाला होता, आणि भावंडांची तोंडवळ्यात गल्लत व्हावी तशी यांच्या काचेत होते.

वयातला घोळ दुसऱ्या कारणाने. इथे पोटॅशियम-४० चा आर्गॉन होतो ते घड्याळ वापरतात. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १२५ कोटी वर्षं. स्फोटाच्या वेळी वितळलेल्या खडकातून आर्गॉन निघून जातो आणि काटा शून्यावर येतो, असं गृहीत धरलेलं असतं. पण बोरीची राख आकाशातून पडून जागच्या जागी राहिलेली नाही. नदीने वाहून आणून साठवली आहे. आणि कुकडी वाहते दख्खनच्या बेसॉल्टवरून, ज्याचं वय ६.६ कोटी वर्षं. साधा हिशोब करा. नमुन्यातल्या पोटॅशियमपैकी ९९ टक्के ७५,००० वर्षांच्या राखेतलं आणि १ टक्का ६.६ कोटी वर्षांच्या खडकातलं असेल, तर उत्तर येतं ७ लाख ३० हजारांच्या पुढे. २ टक्के असेल तर १४ लाखांच्या जवळ. बेसॉल्टमध्ये पोटॅशियम बरंच कमी असल्याने वजनाने भेसळ याहून जास्त लागेल हे खरं, पण नदीच्या गाळात तेवढं मिसळणं अशक्य नाही. बोरीच्या वादाचं हेच उत्तर, असा आमचा दावा नाही. राख ८ लाखांच्या स्फोटाची मानणारेही अभ्यासक आहेत. कार्बनमध्ये भेसळ नमुन्याला तरुण करते आणि इथे म्हातारं करते, एवढं मात्र ध्यानात ठेवा. वय ऐकलं की पहिला प्रश्न ‘कोणत्या घड्याळाचं?’ हाच हवा.

एवढा खटाटोप कशासाठी? राखेलगत अश्युलियन पद्धतीच्या, म्हणजे जुन्या अश्मयुगातल्या, दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. राख १४ लाखांची असेल तर पुणे जिल्ह्यातला माणूस फार जुना ठरतो. ७४ हजारांची असेल तर एक तर ही हत्यारं इथे फार उशिरापर्यंत टिकली, नाहीतर नदीने जुनी हत्यारं नव्या गाळात आणून टाकली. आंध्र प्रदेशातल्या ज्वालापुरममध्ये टोबाच्या राखेच्या खाली आणि वर मिळालेली हत्यारं एकमेकांसारखी आहेत. त्यावरून, त्या स्फोटाने इथली माणसं संपली नाहीत, असं तिथल्या उत्खननकर्त्यांचं म्हणणं आहे.

त्या काळी इथली माणसं ज्वारी-बाजरीची भाकरी खात होती का?
— वाचक, भोर

इनामगावचं मुख्य पीक जव. सोबत मसूर, कुळीथ, लाख अशी कडधान्यं. ज्वारी आणि बाजरी मुळात आपल्याकडची नाहीतच. दोन्ही आफ्रिकेत माणसाळली आणि तिथून आली, नाचणीसुद्धा. ती आली केव्हा हा मात्र भांडणाचा विषय आहे, कारण भारतातल्या फार जुन्या म्हणून दिलेल्या नोंदींपैकी बऱ्याच फेरतपासणीत टिकल्या नाहीत. नाचणीच्या नावाखाली तर इथल्याच रानगवतांचे दाणे निघाले.

दाणे शोधतात ते असे. प्रत्येक थरातली दहा-वीस लिटर माती मोजून घ्यायची, बादलीभर पाण्यात सोडायची, हळू ढवळायची. जळके दाणे हलके असल्याने तरंगतात; वरचं पाणी अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक चाळणीतून ओतायचं. चाळणीतला ऐवज फडक्यात बांधून सावलीत वाळवायचा. उन्हात टाकला तर दाणे तडकतात आणि ओळखीच्या खुणा जातात. आपल्या काळ्या मातीत हे जमत नाही, ढेकळं फुटतच नाहीत. त्यासाठी माती रात्रभर पाण्यात भिजत ठेवतात आणि थोडा खायचा सोडा घालतात. ढवळायची घाई केली की दाण्यांचा चुरा होतो.

काळ्या मातीचा दुसरा गुण जास्त घातक. उन्हाळ्यात तिला कंबरभर भेगा पडतात. शेतात पाचट-धसकटं जाळली असतील तर गेल्या वर्षीचा जळका ज्वारीचा दाणा सरळ तीन हजार वर्षांच्या थरात जाऊन बसतो आणि पावसाळ्यात भेग मिटते. वरून काही कळत नाही. म्हणून थराच्या वयावर भागवू नये; त्या दाण्याचंच वय काढावं. जिथे ते केलेलं नाही तिथल्या ‘सर्वांत जुन्या’ ज्वारीवर आम्ही पैज लावणार नाही.

दाणा नसला तरी हाड बोलतं. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही पिकं हवेतला कार्बन एका पद्धतीने बांधतात, तर जव, गहू, तांदूळ आणि कडधान्यं दुसऱ्या. त्यामुळे कार्बन-१३ चं (कार्बनचाच एक जड, न घटणारा प्रकार) प्रमाण वेगळं पडतं: पहिल्या गटात प्रमाण मापाच्या तुलनेत हजारी सुमारे १२ ने कमी, दुसऱ्यात सुमारे २६ ने. खाणाऱ्याच्या हाडात आणि दातात हा फरक उतरतो. थोडक्यात, भाकरी खाणारा आणि पोळी खाणारा हाडावरून वेगळे काढता येतात. फक्त गवतावर चरणाऱ्या गाई-शेळ्यांचं दूध-मटण खाणाऱ्यातही पहिल्या गटाची खूण दिसू शकते, कारण आपल्याकडची बरीच गवतं त्याच गटातली. म्हणून शेजारी मिळालेली गुरांची हाडंही तपासायची. ती न तपासता काढलेला निष्कर्ष अर्धा.

इनामगावच्या लोकांनी गाव का सोडलं? दुष्काळामुळेच ना? सिंधू संस्कृतीचंही तेच झालं म्हणतात.
— वाचक, सदाशिव पेठ

‘मुळेच’ हा शब्द काढून टाकला तर बोलता येईल. इनामगावात इ.स.पू. १००० च्या सुमारास बदल दिसतो. आधीच्या जोर्वे काळातली (जोर्वे हे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण संस्कृतीचं नाव) प्रशस्त चौकोनी घरं जातात, लहान गोल झोपड्या येतात. उत्खनन करणाऱ्यांपैकी म. के. ढवळीकर यांनी याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला. त्याला आधारही आहे: गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातल्या बहुतेक जोर्वे वस्त्या त्याच सुमारास ओस पडल्या. पण मग भीमेच्या खोऱ्यातलं इनामगाव, तेही अवर्षणप्रवण पट्ट्यातलं, पुढे तीनशे वर्षं कसं टिकलं? पाऊस कमी झाला हे मान्य करूनही, कोण गेलं आणि कोण थांबलं याचं उत्तर पावसात मिळत नाही.

सिंधू संस्कृतीबाबत आधी तारखा लावून पाहाव्यात. मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या चुन्याच्या लवणस्तंभात ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (हलक्या आणि जड अणूंचं) प्रमाण ४,२०० वर्षांपूर्वी ठळकपणे बदलतं. मोसमी पाऊस रोडावल्याची ती खूण मानतात. २०१८ मध्ये भूवैज्ञानिकांनी चालू कालखंडाला ‘मेघालयन’ नाव दिलं ते याच स्तंभावरून. पण मोठी शहरं मोडली ती इ.स.पू. १९०० च्या आसपास. मधे तीनशे वर्षं जातात. एका दुष्काळात माणूस गाव सोडतो. तीनशे वर्षांत तो पीक बदलतो, विहीर खोल करतो, लेक दूर देतो. म्हणजे एका फटक्यात शहरं पडली, हे चित्र या आकड्यांत बसत नाही.

हरियाणातल्या राखीगढीच्या एका बाईच्या डीएनएवरून सगळ्या सिंधू संस्कृतीबद्दल बोलतात. एका सांगाड्यावर एवढा भरवसा?
— वाचक, हडपसर

तिथल्या ६१ नमुन्यांतून एकच कामाचा निघाला, हे आधी पाहा. उष्ण आणि दमट जमिनीत डीएनएचे तुकडे तुकडे होतात. सर्वांत जास्त तग धरतं ते कानामागचं, कवटीच्या तळातलं घट्ट हाड, म्हणून हल्ली तेच कोरतात. भेसळ इथेही आहेच: खणणाऱ्याचा घाम, शिंक, जंतू. खरं जुनं काय ते दोन गोष्टींवरून ओळखतात. तुकडे आखूड असतात, बहुधा शंभर अक्षरांच्या आतले. आणि त्यांच्या टोकांशी डीएनएच्या ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ वाचली जाण्याची एक ठरावीक झीज दिसते. आजच्या माणसाच्या ताज्या डीएनएत ती नसते.

आता भरवशाचं. वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांच्या २०१९ मधल्या शोधनिबंधात या बाईत युरेशियातल्या गवताळ मैदानांतल्या पशुपालकांचा वारसा मिळाला नाही. इराणी वारशाशी नातं सांगणारा जो भाग तिच्यात आहे, तो पश्चिम आशियात शेती सुरू होण्याआधीच वेगळा झालेल्या शाखेचा आहे. एका माणसात हजारो पूर्वज सामावलेले असतात, त्यामुळे वारशाच्या मिश्रणाबद्दल एक जनुकसंचही पुष्कळ सांगतो. शिवाय तुर्कमेनिस्तानातल्या गोनूर आणि इराणमधल्या शहर-ए-सोख्ता इथे सापडलेल्या ११ जणांचं मिश्रण तिच्याशी जुळलं. पण शहरातले सगळे तसेच होते का, हे एकीवरून ठरत नाही. ती कोणती भाषा बोलत होती हे तर डीएनए कधीच सांगणार नाही. वर्तमानपत्रांचे मथळे नेमके त्याच प्रश्नावर गाजले, हे दुर्दैव.

आमच्या वाड्यातला दगडी उखळ आणि सागाची तुळई किती जुनी आहे, ते कार्बनवरून काढता येईल का? प्रकल्पासाठी हवं आहे.
— विद्यार्थी, इयत्ता नववी, शनिवार पेठ

उखळाचं नाही. दगड कधी जिवंत नव्हता, आणि त्याचं वय काढलंच तर ते बेसॉल्टचं निघेल, पाथरवटाच्या छिन्नीचं नाही. तुळईचं काढता येईल, पण पैसे वाया जातील: साधारण १६५० ते १९५० मधल्या लाकडाला सनावळीचा आलेख (पहिल्या उत्तरातला) एकाच वेळी तीन-चार वेगवेगळी उत्तरं देतो. त्यापेक्षा तुळईचं कापलेलं टोक दिसत असेल तर त्यावरची कडी मोज. उष्ण प्रदेशात वर्षाला एक स्पष्ट कडं देणारी झाडं थोडी, साग त्यांतला. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत सागाच्या कड्यांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झाला आहे. कड्यांवरून झाडाचं वय मिळेल. वाडा कधी बांधला त्यासाठी सिटी सर्व्हेचा उतारा आणि घरातली जुनी कागदपत्रं काढ.

नांगरताना जुनी खापरं निघतात. घरी आणून धुऊन ठेवली आहेत. त्यांचं काय करावं?
— वाचक, दौंड

धुतली ती धुतली, पुढची धुऊ नका. बिनझिलईच्या मडक्याच्या भिंतीत शिजवलेल्या अन्नाची चरबी मुरते आणि हजारो वर्षं टिकते. खापराचा आतला भाग कोरून ग्रॅम-दोन ग्रॅम भुकटी घेतली तरी त्यातली मेदाम्लं वेगळी काढता येतात आणि दुधाची चरबी मांसाच्या चरबीहून वेगळी ओळखू येते. कच्छमधल्या कोटडा भाडली इथे हडप्पा काळात दुधाचे पदार्थ होत असल्याचा पुरावा अशाच साध्या खापरांतून मिळाला.

खापर दिसलं की हात लावायच्या आधी फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. बांधापासूनचं अंतर आणि खोली वहीत लिहा. मग फॉइलमध्ये गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, तिच्यातले तेलकट पदार्थ खापरात उतरतात आणि तपासणीत तेच दिसतात. साध्या खापरांसाठी डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवलं तरी चालेल. नाणी किंवा धातूच्या वस्तू निघाल्या तर मात्र प्रश्न ऐच्छिक राहत नाही: १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आणि त्या जागी पुढची नांगरट उथळ ठेवा.